दिवाणखान्यातले बाक

वहिनींना राग कशाकशाचा येत नाही ते सांगणं सोपं आहे. उतू गेलेल्या दुधाचा येत नाही, न सांगता आलेल्या पाहुण्यांचा येत नाही, आणि नवऱ्याचा यायचा तो केव्हाच येऊन गेला. पण एखादा वाईट नकाशा समोर आला, की त्यांच्या तळपायाची आग अशी मस्तकात जाते, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाने दोन पावलं मागे सरकावं.

एकदा दवाखान्याच्या भिंतीवर मजल्यांचा नकाशा होता. त्यात 'तुम्ही इथे आहात' असं लिहिलेलं, आणि तिथे इतक्या लोकांनी बोट टेकवलेलं, की नेमका तेवढाच भाग घासून पांढरा झालेला. वहिनी भाचीला मुलगा झाला म्हणून बघायला गेल्या होत्या. बाळ राहिलं बाजूला. त्यांनी पहारेकऱ्याला धरलं. "अहो, माणूस जिथे उभा आहे तिथेच तुम्ही भोक पाडून ठेवलंय! बाकीचं सगळं जग दाखवताय, फक्त मी कुठे ते सोडून!" पहारेकरी म्हणाला, "बाई, तुम्ही इथेच आहात की." यावर त्या काय म्हणाल्या ते बाळाने ऐकलं नाही, हे बरंच झालं.

'वहिनी' हे नाव त्यांच्या धाकट्या दिराने सुरू केलं. ते शेजाऱ्यांकडे गेलं, तिथून वाण्याकडे, आणि आता पोस्टमनसुद्धा खालून "वहिनीऽऽ" अशी हाक मारतो. त्यांचा धंदा नकाशांचा. बसकंपनीच्या कचेरीत त्या थांब्यांवर लावायचे मार्गांचे नकाशे काढायच्या. पुढे कंपनीला वाटलं, प्रवाशांना बस कुठे जाते हे कळायची तशी गरज नाही, आणि तो विभागच बंद झाला. वहिनी पट्ट्या, पेनं आणि भरपूर संताप घेऊन घरी आल्या, जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला आणि इंटरनेटवरचे नकाशे करायला शिकल्या. तेव्हापासून त्या घरात जेवण मांडीवर ताट घेऊन होतं.

त्यांची काम करायची एक पद्धत होती. घरात तिला 'हात मांडीखाली' म्हणत. नकाशा तयार झाला, की तो अशा माणसाच्या हातात द्यायचा ज्याने तो कधी पाहिलेला नाही. आपण त्याच्या मागे खुर्ची टाकून बसायचं, दोन्ही हात मांडीखाली दाबायचे आणि तोंड मिटायचं. तो चुकला तरी बोलायचं नाही, भलतीकडेच गेला तरी बोट दाखवायचं नाही. यजमान एकदा म्हणाले होते, "अगं, एवढं सांगून टाक ना त्याला!" तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आणि उद्या नकाशाबरोबर मी घरोघर जाऊ?" यजमानांनी वर्तमानपत्र वर घेतलं. ते फार जुनं, फार उपयोगी वर्तमानपत्र आहे.

या परीक्षेला कायम बसणारी व्यक्ती म्हणजे अक्का, वहिनींच्या सासूबाई. गेल्या वर्षी अक्कांच्या हृदयाने जरा दगा दिला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, आणि शरीराने थोडं चाललं की बसायला सांगितलं. दोघांचंही ऐकायचं तर वाटेत बसायला जागा हवी. ती असली तर अक्का कितीही लांब जातील; नसली तर कोपऱ्यावरच दम लागून छाती धरतील.

आणि अक्कांना एकाच ठिकाणी जायचं होतं. कालव्यापलीकडे त्यांची धाकटी बहीण राहते. वर्षानुवर्षं बुधवारी दुपारी अक्का चालत तिच्याकडे जायच्या, पत्ते खेळायच्या, लबाडी करायच्या, पकडल्या गेल्या की भांडायच्या आणि संध्याकाळी ताज्यातवान्या होऊन परत यायच्या. दुखण्यानंतर मुलगा गाडीतून सोडायला लागला. अक्कांना ते मुळीच रुचेना. "दारात उतरवायचं, दारातून उचलायचं! मी काय कुरिअर आहे? धाकटी तर म्हणाली, अक्का, तुझ्यावर सही कुठे करू?"

अक्कांना पुन्हा आपल्या पायांनी, एकटीने, धाकटीकडे जायचं होतं. त्यांची एवढीच मागणी होती, आणि ती पुरी करायची असं वहिनींनी मनात घेतलं.

त्याच सुमाराला वस्तीत 'जरा बसू' नावाचा ग्रुप निघाला होता. गुडघेवाले, दमेवाले, पोटुशा बायका, जड पिशव्यांचे धनी असे सगळे त्यात. चालवणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना कोणी निवडून दिलं नव्हतं, पण पहिल्या दिवसापासून सगळे त्यांना 'अध्यक्ष' म्हणत आणि ते नाही म्हणत नसत. माणूस मनाचा मोठा. सकाळी सगळ्यांच्या आधी फुलाचं चित्र तोच पाठवणार. अडचण एवढीच, की 'औषधाच्या दुकानासमोर नवा बाक आलाय' अशी लाखमोलाची बातमी दुपारपर्यंत फुलांच्या ढिगाखाली गाडली जायची. वहिनी म्हणाल्या, "मी नकाशा करून देते." अध्यक्ष म्हणाले, "वा वा! जोरदार होऊ द्या!" 'जोरदार' या शब्दानेच वहिनींच्या कपाळावर पहिली आठी पडली.

नकाशा तयार झाला. अक्कांच्या हातात फोन, मागे वहिनी, हात मांडीखाली.

"हे थेंब कसले गं? पाणी गळतंय का सगळीकडे?" अक्कांनी विचारलं.

लाल थेंबांच्या खुणा गेल्या आणि तिथे बाकाचं साधं चित्र आलं. पाठ असलेला बाक पाठीसकट, नसलेला बिनपाठीचा. मग अक्का हॉटेलांच्या आणि केस कापायच्या दुकानांच्या नावांत हरवल्या. वहिनींनी ती सगळी नावं पुसून नकाशा धुतलेल्या कपड्यासारखा फिका केला, म्हणजे त्यावर बाकच तेवढे उठून दिसावेत. खुणांचा अर्थ सांगणारी चौकट काढून टाकली, कारण चौकट वाचून नकाशाकडे येईपर्यंत अक्का चौकट विसरत. अक्षरं मोठी झाली. पासवर्ड तर पहिल्या दिवशीच उडाला. "बसायला पासवर्ड?" अक्का म्हणाल्या होत्या. "माझ्या गुडघ्याला विचार हवा तर."

"आणि ही निळी टिकली कोण?"

नियम मोडून वहिनी बोलल्या, "तुम्ही, अक्का."

"मी एवढीशी?" अक्का बराच वेळ त्या टिकलीकडे बघत राहिल्या. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या. टिकलीही सरकली. "आली गं माझ्याबरोबर!" आतून आवाज आला.

नकाशा असा छान झाला. पण त्यात बाक फार थोडे होते, वहिनी स्वतः फिरून टाकतील तेवढेच. इतरांनीही टाकावेत म्हणून त्यांनी सोय केली होती: बाकापाशी जा, खूण बोटाने ओढून नेमक्या जागी आणा, पाठ आहे का सांगा, दुपारी सावली असते का सांगा, मग पुन्हा एकदा तपासून पाठवा. अध्यक्षांनी स्वतः प्रयत्न केला आणि तपासण्यापर्यंत पोचता पोचता बाकावरच डुलकी काढली.

"वहिनी, ही कटकट आहे," ते म्हणाले. "लोकांना एक बटण हवं. दाबलं की झालं!"

"आणि बाक चुकीच्या जागी पडला तर?"

"फोनला ठाऊक असतं ना आपण कुठे आहोत! फोन जिथे, बाक तिथे!"

"अहो, फोन कुठे आहे हे फोनला कळतं. बाक कुठे आहे हे त्याला कसं कळणार?"

"तुम्ही फार खोलात जाता," अध्यक्ष हसून म्हणाले.

हे वाक्य वहिनींच्या काळजात रुतलं. खोलात जाऊ नको म्हणे! म्हातारी माणसं रस्त्यात दम लागून उभी, आणि हे वरवर पोहणार! त्यांनी नकाशाच्या चाव्या, म्हणजे त्यात बदल करायचा पासवर्ड, अध्यक्षांच्या हवाली केल्या, "घ्या, करा जोरदार" म्हणाल्या आणि त्या नकाशाशी अबोला धरला. माणसांशी अबोला धरणारे पुष्कळ असतात. नकाशाशी धरणाऱ्या वहिनी एकट्याच.

अध्यक्षांनी ओळखीतल्या कोणाकडून नकाशा सजवून घेतला. उघडल्याबरोबर स्वागताची पाटी. खाली भलंमोठं बटण: 'बाक टाका'. दाबलं की रंगीत फुगे उडायचे. जवळजवळचे बाक मिळून एक गोल व्हायचा आणि गोलात आकडा. ग्रुपला वेड लागलं. लोक संध्याकाळी निवांत बसून आठवून आठवून बाक टाकू लागले. आकडे फुगले. अध्यक्ष सकाळच्या फुलाखाली बाकांची संख्या कळवू लागले. अक्काही सुनेला वाईट वाटू नये म्हणून तिची पाठ वळली की गुपचूप बटण दाबत. फुगे बघून लहान मुलीसारख्या खूष होत.

एका बुधवारी दुपारी अक्का चपला घालून उभ्या राहिल्या. "येते गं. धाकटीकडे."

"एकट्या? कालव्याच्या पुलापलीकडे बाक नाहीत, अक्का."

"तुझ्या नकाशात नव्हते. नव्यात बाकच बाक आहेत," असं म्हणून अक्कांनी जीभ चावली.

वहिनींना सांगावंसं वाटलं, थांबा, मला बघू द्या. पण अबोला म्हणजे अबोला. त्यांनी मुकाट्याने हात मांडीखाली घेतले. दार लागलं.

थोड्या वेळाने बेल वाजली. दारात एक काठीवाले गृहस्थ, घामाघूम, दाराची चौकट धरून उभे.

"माफ करा हं. इथे बाक आहे ना? पाठ असलेला, सावलीतला?"

"इथे? हे घर आहे."

"नकाशात तर दाखवतोय. एक नाही, चांगले अर्धा डझन आहेत. म्हटलं बाग असेल."

वहिनींनी त्यांचा फोन हातात घेतला. आकडा लिहिलेला गोल दाबला, तो फुटला आणि आतून बाक बाहेर पडले. सगळे एका ओळीत, वहिनींच्या दिवाणखान्यात, सोफ्याच्या बरोबर वर. औषधाच्या दुकानासमोरचा, शाळेच्या भिंतीचा, टपालकचेरीचा, असे अक्कांनी सोफ्यावर बसून आठवलेले सगळे बाक तिथेच. फोन जिथे, बाक तिथे.

क्षणभर हसू आलं. पुढच्याच क्षणी ते विरलं. कारण अक्कांच्या हातात हाच नकाशा होता, आणि अक्का पुलापलीकडे चालल्या होत्या. तिथे असलेला एकेक बाक हा असाच कोणाचा तरी सोफा होता.

वहिनींनी फोन लावला. अक्कांनी तो कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. "नकाशा बघताना फोन आला तर सरळ लाल बटण दाबायचं, नाहीतर नकाशा जातो," हे अक्कांना शिकवलं होतं ते वहिनींनीच.

"तुम्ही बसा," त्या पाहुण्यांना म्हणाल्या. "पाठ आहे, सावली आहे. दार ओढून घेते."

त्या धावत सुटल्या. वस्तीतल्या लोकांनी वहिनींना रागावलेलं पाहिलं होतं, धावताना पहिल्यांदाच. औषधाच्या दुकानासमोरचा बाक रिकामा. पुलाजवळचा रिकामा. पुलापलीकडे लांबच लांब भिंत, मग एकसारख्या घरांची रांग, आणि बसायला ओटासुद्धा नाही. कोणी बसू नये म्हणून खिडक्यांखालच्या कठड्यांवर लोखंडी टोकं ठोकलेली. वहिनी धावता धावता त्या टोकांनाही बोलल्या. कबुतरांसाठी म्हणे! कबुतर उडून दुसरीकडे बसेल, माणसाने कुठे जायचं?

मग त्यांना आवाज ऐकू आला. चौथ्या दारातून. तो नकाशापेक्षा खात्रीचा होता.

"तुमचं घर असेल हो, मी कुठे नाही म्हणतेय? बाक कुठे ठेवलाय ते सांगा!"

आत आरामखुर्चीत अक्का, हातात पाण्याचा पेला. चेहरा पांढराफटक, श्वास अजून अडखळत होता. पण शब्द अडखळत नव्हते. समोर एक दातांचे डॉक्टर उभे. बुधवार त्यांचा सुटीचा, म्हणून केसांना कलप लावून बसले होते आणि तो आता कानामागून ओघळत होता.

"आजी, तो बाक मी टाकला खरा, पण तो नदीकाठच्या बागेतला—"

"आजी कोणाची? आणि बागेतला बाक घरी आणलात? एक बाई धापा टाकत तुमच्या दारात पडली असती!"

वहिनींनी अक्कांची नाडी पाहिली, पाठीवर हात फिरवला. मग अध्यक्षांना फोन केला आणि एकच वाक्य बोलल्या: "बाक बघायला या." ते जवळच राहायचे, लगेच आले.

"अध्यक्ष, बसा. इथे बाक आहे, तुमच्या नकाशात आहे. दिसतोय का?"

अध्यक्षांनी अक्कांकडे पाहिलं, डॉक्टरांच्या कानाकडे पाहिलं. "असं... असं कसं झालं?"

"असं झालं, कारण तुम्हाला आकडा हवा होता! माझ्या सोफ्यावर एक अनोळखी गृहस्थ बसलेत. उद्या कोणी याच आकड्याच्या भरवशावर भर दुपारी पायी निघेल आणि रस्त्यात पडेल, तेव्हा फुगे उडवणार का तुम्ही?"

"अहो, पण रिकामा नकाशा बघून ग्रुपमध्ये कोण येणार?"

"रिकामा आहे तर रिकामा दिसू दे! पुलापलीकडे एकही बाक नाही, ही लाज आहे. आणि तुम्ही ती बाकांनी झाकून टाकलीत!"

अध्यक्षांची मान खाली गेली. पण गप्प बसले तर ते अध्यक्ष कसले? हळूच म्हणाले, "एक विचारू, वहिनी? बाक टाकायच्या तुमच्या त्या एकामागून एक पायऱ्या होत्या, तेव्हा तुमच्याशिवाय कोणी एक तरी बाक टाकला?"

वहिनींनी आठवून पाहिलं. कोणीच टाकला नव्हता. त्या पायऱ्या अक्कांच्या हातात देऊन मागे खुर्ची टाकून त्या कधी बसल्याच नव्हत्या. बाक शोधणाऱ्याला 'हात मांडीखाली', आणि बाक टाकणाऱ्याला नुसत्या आज्ञा! राग तसाच होता, पण आता त्याला बसायला आणखी एक जागा सापडली होती.

"तुमचं उरकलं असेल तर मी निघते," अक्का उठत म्हणाल्या. "धाकटीने पत्ते वाटून ठेवले असतील. तिला एकटीला पत्त्यांजवळ ठेवणं बरं नाही."

"अक्का, गाडी बोलावते."

"बोलाव आणि तूच बस तीत."

"पुढे बसायला काही नाही हो!"

डॉक्टर आत गेले आणि जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची घेऊन आले. अध्यक्षांनी ती त्यांच्या हातून घेतली आणि डोक्यावर धरली. मग ती वरात निघाली: पुढे अक्का, बाजूला वहिनी, मागे डोक्यावर खुर्ची घेतलेले अध्यक्ष आणि शेवटी कलपावर टोपी घातलेले डॉक्टर. लोक खिडक्यांतून बघत होते. एकाने विचारलं, "घर बदलताय का?" अध्यक्ष म्हणाले, "नाही, नकाशा."

छापखान्याच्या बंद फाटकाजवळ अक्का थबकल्या. छातीवर हात ठेवला. "इथे."

खुर्ची टेकली. अक्का बसल्या. फाटकाची सावली बरोबर त्यांच्यावर होती. त्यांचा श्वास सावकाश जागेवर आला.

"राहू दे ती इथेच," डॉक्टर म्हणाले. "साखळीने फाटकाला बांधतो."

"मग आधी नकाशात टाका," अक्का म्हणाल्या. "आत्ता. उद्या दिवाणखान्यात बसून नको."

वहिनींनी अध्यक्षांकडून चाव्या मागितल्या आणि तिथेच उभ्या उभ्या फोनवर दुरुस्ती केली. जुन्या पायऱ्या त्यांनी परत आणल्या नाहीत. बटण एकच ठेवलं, फुगे काढले, आणि बटणानंतर एकच प्रश्न घातला. मग फोन अक्कांच्या हातात देऊन मागे जाऊन उभ्या राहिल्या. मांडी नव्हती, म्हणून हात काखेत.

अक्कांनी बटण दाबलं. मोठ्याने वाचलं, "'बाक तुमच्या समोर आहे का? हो, नाही.'" बराच विचार केला आणि 'नाही' दाबलं. "समोर कुठाय? मी त्याच्यावर बसलेय."

अध्यक्ष काही सांगायला पुढे झाले. वहिनींनी त्यांना कोपराने मागे ढकललं. मग फोन परत घेऊन प्रश्न बदलला: 'तुम्ही आत्ता बाकापाशीच आहात का?' अक्कांनी वाचलं, 'हो' दाबलं. पुलापलीकडच्या त्या लांब रस्त्यावर पहिली खरी खूण उमटली.

धाकटीच्या दारात अक्का आपल्या पायांनी पोचल्या. धाकटी म्हणाली, "उशीर केलास. मी एक डाव जिंकले." अक्का म्हणाल्या, "कोणाशी?" आणि दार लागलं. वहिनी खाली रस्त्यावर उभ्या राहून आतलं भांडण सुरू झाल्याची खात्री करून मगच वळल्या.

घरी सोफ्यावर आता तिघं होते. काठीवाल्या गृहस्थांनी नंतर आलेल्या दोघांना आत घेतलं होतं, आणि यजमान वर्तमानपत्र बाजूला ठेवून, म्हणजे फारच मोठ्या प्रसंगी, सगळ्यांना चहा देत होते. "तुझे बाक फार चालतात गं," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात वहिनी आणि अध्यक्ष मिळून खोटे बाक पुसायला बसले. एकेक सोफा, एकेक पलंग, एकाच्या तर न्हाणीघरातला बाक गेला. अध्यक्ष प्रत्येक वेळी उसासा टाकत. शेवटी पुलाच्या अलीकडे मोजकी चित्रं राहिली आणि पलीकडे नुसता फिका रस्ता, त्यावर एक खुर्ची.

"फारच भकास दिसतंय हो," अध्यक्ष म्हणाले.

"दिसू दे," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी तो तेवढाच भाग मोठा छापून घेतला.

पालिकेच्या कचेरीत तो घेऊन गेल्या तेव्हा साहेब कामात होते. थांबायला सांगितलं. वहिनींनी आजूबाजूला पाहिलं. व्हरांड्यात भिंतीला टेकून माणसं उभी होती. एक बाई पोटावर हात ठेवून जिन्याच्या पायरीवर टेकली होती, आणि शिपाई तिला उठवत होता. बसायला तिथे काही म्हणता काही नव्हतं.

वहिनींनी तो रिकामा नकाशा भिंतीवर चिकटवला, शिपायाला बाजूला केलं, आणि त्या बाईशेजारी पायरीवर ऐसपैस बसल्या.

"साहेबांना सांगा," त्या म्हणाल्या, "आम्ही इथे आहोत."